सुटसुटीत परावर्ती दुर्बीण निवडताना वजन नव्हे, फेऱ्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चंद्र, ग्रह, तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका, सगळंच थोडं थोडं बघायचंय. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. महिन्यातून एखादवेळी गाडीनं शहराबाहेर जाता येतं. आरसा १३०, १५० की २०० मिलिमीटर व्यासाचा, आणि डॉब्सोनियन (साध्या बुडावर हातानं फिरवायची) की इक्वेटोरियल (ध्रुवाशी जुळवलेल्या अक्षावर फिरणारी), इथे गाडं अडलंय. जमलं तर फोटोही काढायचेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. १५० मिमी व्यासाचा अन्वस्त (पॅराबोलिक) आरसा, ७५० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं), नळी मिटणारी टेबलटॉप डॉब्सोनियन. खिसा आखडत असेल तर तिचीच धाकटी बहीण, १३०/६५०. यामागची कारणं आणि या दुर्बिणींच्या खोडी, दोन्ही खाली सांगतो. खोडी जरा जास्तच सांगतो, कारण खोक्यावर त्या छापलेल्या नसतात.

दुर्बीण नेण्या-आणण्याचा विषय निघाला की लोक वजन विचारतात. मी फेऱ्या विचारतो. २०० मिमीची डॉब्सोनियन घ्या. नळी दहा-अकरा किलोची आणि जवळपास सव्वा मीटर लांब, बूड त्याहून जड आणि धरायला बेढब. म्हणजे नळीची एक फेरी, बुडाची एक, नेत्रिकांची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी आणि खुर्चीची तिसरी. तीन मजले उतरून, आणि रात्री एक वाजता थंडीत तेवढेच मजले चढून. पहिले काही आठवडे हे उत्साहात निभतं. त्यानंतर "आज थोडे ढग दिसतायत" हे कारण फार लवकर पटायला लागतं. तळमजल्यावर, अंगणाला लागून राहणाऱ्याला मी डोळे झाकून २०० मिमीच सांगेन. तुम्हाला नाही.

बरेच जण मध्यममार्ग म्हणून १५०/१२०० कडे वळतात. दुर्बीण म्हणून ती उत्तम, पण नेण्या-आणण्याच्या बाबतीत हा मध्यममार्ग फसवा आहे. तिची नळीही तेवढीच लांब, फक्त थोडी बारीक. गाडीच्या मागच्या सीटवर ती २०० मिमीएवढीच जागा खाते. फेऱ्या तीनच्या तीनच राहतात. मिटणारी १५०/७५० मात्र बुडासकट सात-आठ किलोंत बसते. एका हातात दुर्बीण, खांद्याला पिशवी, एक फेरी, संपलं.

आता यात गमावता काय, तेही बघू. आरसा किती प्रकाश गोळा करतो हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. १३० वरून १५० वर गेलात की प्रकाश सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. १५० वरून २०० वर गेलात की जवळजवळ पावणेदोन पट होतो, म्हणजे प्रतीच्या (ताऱ्यांचं तेज मोजायच्या मापाच्या) हिशेबात ०.६ च्या आसपास. फरक खराच आहे, शौरीतला एम १३ सारखा गोलाकार गुच्छ २०० मधून बघितला की तो लगेच कळतो. पण शहराच्या मध्यावरचं आकाश आणि खरोखर काळोखातलं आकाश यांच्या पार्श्वभूमीच्या तेजात वीस-पंचवीस पटींचा फरक सहज असतो. तेजोमेघ आणि दीर्घिका दिसतात त्या पार्श्वभूमीशी असलेल्या फरकामुळे, आणि तो फरक आरसा वाढवून येत नाही. मोठा आरसा दीर्घिकेचा प्रकाश वाढवतो तसा शहराच्या उजेडाचाही वाढवतो. म्हणून गाडीत बसवून काळोखात नेलेली १३० मिमी ही गच्चीवरच्या २०० मिमीला दीर्घिकांच्या बाबतीत हरवते. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना हा नियम लागू नाही. ते भर शहरातून तितकेच छान दिसतात. त्यामुळे घरी ग्रह आणि बाहेर तेजोमेघ अशी वाटणी आपोआप होते.

नाभीय अंतर भागिले व्यास, म्हणजे एफ गुणोत्तर. ७५० भागिले १५०, म्हणजे एफ/५. १५०/१२०० ची एफ/८. निवडीचा खरा कस इथे लागतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

एफ/५ चा फायदा रुंद दृश्यक्षेत्र. सव्वा इंची फोकसरमध्ये (नेत्रिका बसवायच्या सरकत्या नळीत) ३२ मिमीची साधी प्लॉसल प्रकारची नेत्रिका लावली तर ७५० मिमीच्या दुर्बिणीत सुमारे दोन अंश आकाश दिसतं, ६५० मध्ये साधारण २.४ अंश, आणि १२०० मध्ये जेमतेम १.३. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, यावरून अंदाज करा. आख्ख्या कृत्तिका भोवतालच्या काळ्या आकाशासकट एफ/५ मध्ये मावतात, १२०० मध्ये कडेचे तारे कापले जातात. देवयानी दीर्घिका काळोखात तीन अंशांपर्यंत पसरलेली असते. तिच्या बाबतीत तर रुंद क्षेत्राला पर्यायच नाही. शिवाय रुंद क्षेत्र असलं की वस्तू शोधणं सोपं जातं, आणि नवशिक्याचा बहुतेक वेळ बघण्यात नव्हे, शोधण्यात जातो.

तोटे तीन. पहिला कोमा: दृश्याच्या कडेचे तारे ठिपक्याऐवजी छोट्या धूमकेतूंसारखे दिसतात. आरशाच्या मध्याभोवतीचा कोमामुक्त भाग एफ गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे एफ/८ मध्ये तो एफ/५ च्या चौपट मोठा असतो. बघण्यापुरता हा दोष सहन होतो, कारण नजर मध्यावरच असते. दुसरा तोटा, आरसे जुळवण्याबाबत एफ/५ काटेकोर. एफ/८ मध्ये थोडी ढिलाई खपून जाते, इथे शनी लगेच मऊ पडतो. तिसरा, साध्या स्वस्त नेत्रिका एफ/५ मध्ये कडेला आणखी बिघडतात. फोकसही नाजूक: एफ/५ मध्ये स्पष्ट प्रतिमेची पट्टी जेमतेम ०.०५ मिमी जाडीची असते, त्यामुळे फोकसरमधली किंचितशी हालचालही जाणवते.

केवळ ग्रहांचं वेड असेल तर मी एफ/८ म्हणेन. तुम्हाला सगळंच बघायचंय, आणि जिने चढायचेत. एफ/५.

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी ठणकावून विचारा: आरसा अन्वस्त आहे का? पॅराबोलिक या नावानंही विचारता येईल. गोलीय आरसा घडवायला सोपा, म्हणून स्वस्त. लांब नाभीय अंतराच्या छोट्या दुर्बिणीत तो चालून जातो. ७६/७०० किंवा ११४/९०० मध्ये गोलीय आरसा असला तरी प्रतिमा समाधानकारक येते. पण एफ/५ वर गोलीय आरसा म्हणजे १०० पट वर्धनाच्या पुढे गुरूचं रूपांतर लोण्याच्या गोळ्यात. १३०/६५० हा आकडा दिसला की आरसा अन्वस्तच असेल असं धरून चालू नका. दिसायला अगदी सारख्या दोन दुर्बिणींत एकीचा अन्वस्त, दुसरीचा गोलीय असतो.

दुसरा सापळा बर्ड-जोन्स पद्धतीचा. खूण सोपी आहे. साध्या न्यूटोनियन (फक्त दोन आरशांच्या) दुर्बिणीची नळी तिच्या नाभीय अंतराएवढीच, फार तर थोडी कमी लांब असते. खोक्यावर ११४/१००० किंवा १२७/१००० लिहिलंय आणि नळी अर्ध्या मीटरची, म्हणजे आत गोलीय आरसा आहे आणि फोकसरच्या तळाशी नाभीय अंतर वाढवणारं एक भिंग बसवलंय. कल्पना वाईट नाही, पण स्वस्तात केलेली अंमलबजावणी बहुतेक वेळा वाईट असते, आणि त्या भिंगामुळे आरसे जुळवणं डोकेदुखी होऊन बसतं. अशा दुर्बिणीपासून लांब राहा. खोक्यावर "५२५ पट" छापलेलं दिसलं तर तेही त्याच कुळातलं लक्षण समजा.

पट, म्हणजे प्रतिमा किती मोठी दिसते ते, दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं. आरशाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही पुस्तकी कमाल मर्यादा. १५० मिमीला ३०० पट. प्रत्यक्षात हवा बहुतेक रात्री १५० ते २०० च्या वर जाऊच देत नाही.

माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीचा, निकाल मी झटपट लावतो. त्या किमतीत मिळणारं हलकं इक्वेटोरियल माउंट नको. वजनं, दांडे, तिपाई धरून सगळं मिळून दुर्बिणीच्या दुप्पट जड होतं, ध्रुवाशी जुळवत बसावं लागतं, आणि न्यूटोनियन नळी त्यावर फिरली की नेत्रिका कधी पोटाखाली तर कधी डोक्यावर जाते. वर फोकसला हात लावला की प्रतिमा थरथरते ती वेगळीच. डॉब्सोनियनमध्ये डावी-उजवी आणि वर-खाली, दोनच हालचाली. हे माउंट लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोमधल्या वेदान्त मठात संन्यासी होते. मठातून बाहेर पडल्यावर पदपथावर दुर्बीण मांडून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवत. मोठा आरसा, लाकडाचं साधं बूड, टेफ्लॉनच्या चकत्यांवर सरकणारी नळी, एवढंच त्यांचं तंत्र, आणि आजही त्यात फारसं सुधारण्यासारखं सापडलेलं नाही.

डॉब्सोनियन स्वतःहून ताऱ्यांमागे फिरत नाही, ही तक्रार रास्त आहे. १२५ पटीवर, साध्या नेत्रिकेत, ग्रह या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण दीड मिनिटात सरकतो. बोटानं हलकेच ढकलत राहायचं. दोन-तीन रात्रींत हाताला सवय होते, नंतर लक्षातही राहत नाही.

टेबलटॉपची अडचण नावातच आहे, ती ठेवायला टेबल लागतं. इथेच बहुतेकांची दुर्बीण बिचारी बदनाम होते. घडीचं प्लॅस्टिकचं टेबल घेतलं की दर स्पर्शाला प्रतिमा पाच सेकंद डुलते आणि दोष दुर्बिणीवर जातो. जाड लाकडाचं, तीन पायांचं, गुडघ्याएवढं स्टूल करून घ्या. तीन पाय असले की ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. शेजारी तुम्ही खुर्चीवर बसायचं. बसून बघणाऱ्याला उभ्यानं बघणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, ही ऐकीव गोष्ट नाही. अंग स्थिर असलं की डोळा बारकावे टिपतो. स्टूल गाडीत कायमचं टाकून ठेवलं तर ती फेरीसुद्धा वाचते.

मिटणाऱ्या नळीच्या खोडी वेगळ्या. पुढचा भाग उघडा असल्यामुळे बाजूचा दिवा थेट दुय्यम (पुढच्या टोकाच्या छोट्या तिरप्या) आरशावर आणि फोकसरमध्ये शिरतो, आणि प्रतिमेचा काळेपणा जातो. काळ्या फोमच्या पातळ शीटचा गुंडाळा करून उघड्या भागाला लावा. अर्ध्या तासाचं काम, पण शहरात फरक मोठा पडतो. दवापासूनही थोडा बचाव होतो. यातल्या बऱ्याच दुर्बिणींचा फोकसर आट्यांवर फिरणारा असतो, आणि तो सैल लागतो. नळकामातली पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन-तीन वेढे दिली की फोकसर लोण्यासारखा नाही, पण भरवशाचा फिरतो. त्यावर जड नेत्रिका मात्र लावू नका, कलते.

नेत्रिकांबद्दल. सोबत येणाऱ्या दोनपैकी २५ मिमीची ठीक असते, १० मिमीची सहसा यथातथाच. पहिला जादा खर्च ६ मिमीच्या, ६५ अंशांच्या आसपास दृश्यकोन असलेल्या नेत्रिकेवर करा. ७५० मध्ये ती १२५ पट देते, ६५० मध्ये १०८. ग्रह आणि चंद्र बहुतेक रात्री याच टप्प्यात सर्वात छान दिसतात. दुसरा खर्च ३२ मिमीची प्लॉसल. ४० मिमीची घेऊ नका: सव्वा इंची नळीत ती ३२ पेक्षा जास्त आकाश दाखवू शकत नाही, आणि एफ/५ वर तिच्यातून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ८ मिमी जाड होते. डोळ्याची बाहुली अंधारात फार तर ७ मिमी उघडते, वयाबरोबर त्याहून कमी. उरलेला प्रकाश वाया. बारा नेत्रिकांची चकचकीत पेटी कुणी भेट देऊ केली तर तिच्याऐवजी एक चांगली नेत्रिका मागून घ्या.

आरसे जुळवणं, म्हणजे कॉलिमेशन. याचं भय बाळगून लोक परावर्ती दुर्बीण टाळतात, आणि ते भय अकारण आहे. घेताना एवढं बघा की मुख्य आरशाच्या मागे जुळवणीचे स्क्रू आहेत आणि आरशाच्या मध्यावर छोटं वर्तुळ चिकटवलेलं आहे. काही अगदी स्वस्त मॉडेलांत आरसा कायमचा घट्ट बसवलेला असतो, ती नकोत. चेशायर नावाचं साधं साधन घ्या. फोकसरमधून बघितल्यावर दुय्यम आरसा मध्यावर आणि गोल दिसला पाहिजे, त्यात मुख्य आरसा पूर्ण दिसला पाहिजे. हे क्वचितच बिघडतं. नंतर मागचे स्क्रू फिरवून मध्यावरचं वर्तुळ चेशायरच्या ठिपक्याभोवती आणायचं. मिटणारी नळी दर वेळी उघडल्यावर हे किंचित हलतं, म्हणून बघायला बसण्याआधी एक नजर टाकायचीच; दोन मिनिटांचं काम. लेझरचं साधन सोपं वाटतं, पण स्वस्त लेझर स्वतःच वाकडा असतो. फोकसरमध्ये तो गोल फिरवून बघा: ठिपका जागेवर राहण्याऐवजी वर्तुळ काढत असेल तर आधी त्यालाच जुळवावं लागेल.

शेवटची खातरजमा आकाशात. ध्रुवतारा जागचा हलत नाही, म्हणून तो सोयीचा. मोठ्या पटीवर तो मध्यावर आणून किंचित फोकसबाहेर न्या. कड्यांच्या मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली दिसली की जुळवणी झाली. सावली एका बाजूला सरकलेली असेल तर अजून काम आहे. मात्र ही परीक्षा दुर्बीण बाहेरच्या तापमानाला आल्यावरच घ्या. घरातून आणलेला आरसा कोमट असतो, त्याच्यावरून हवा तरंगत वर जाते आणि प्रतिमा उकळते. १५० मिमीला साधारण अर्धा तास पुरतो. तोवर कमी पटीवर गुच्छ बघा. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून किंवा शेजारच्या छपरावरून दिसणारा ग्रह तितकाच उकळतो. तो तिथून वर सरकेपर्यंत थांबा.

दिसेल काय? चंद्रावर विवरांच्या भिंतींच्या सावल्या, रोज वेगळ्या. गुरूचे चार चंद्र, दोन ठळक पट्टे, हवा स्थिर असेल तर आणखी एखाददोन, आणि चंद्राची सावली गुरूवर पडलेली. शनीची कडी ३० पटीवरसुद्धा वेगळी ओळखता येतात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या प्रतलातून गेली तेव्हा ती रेषेसारखी झाली होती. आता पुढची काही वर्षं ती उघडत जातील आणि कड्यांमधली काळी कॅसिनी फट शोधणं सोपं होत जाईल. मंगळ साधारण २६ महिन्यांनी जवळ येतो, तेव्हाचे काही आठवडे सोडले तर नारिंगी ठिपकाच. मृगातला एम ४२ काळोखातून बघितला तर पंख पसरल्यासारखा दिसतो, पण राखाडी किंवा जेमतेम हिरवट. छायाचित्रांतले गुलाबी-जांभळे रंग डोळ्याला दिसत नाहीत, २०० मिमीतूनही नाही. दीर्घिका म्हणजे धुरकट ठिपका. सर्पिल भुजांची आस धरून बसलात तर निराशा होईल. स्वरमंडलातल्या अभिजितजवळचा एम ५७ हा तेजोमेघ धुराच्या बारीक वेटोळ्यासारखा दिसतो आणि त्यात मात्र कुणी निराश झालेलं मी बघितलं नाही.

फोटोंचं थोडक्यात. नेत्रिकेला मोबाइल धरणाऱ्या पकडीनं चंद्र सुरेख येतो, ग्रहांचे व्हिडिओ घेऊन त्यांतल्या चांगल्या चौकटी एकत्र करता येतात. तेजोमेघांचे लांब एक्सपोजर या माउंटवर होणार नाहीत, आणि मोठा कॅमेरा लावला तर बऱ्याच न्यूटोनियनमध्ये फोकसच पोचत नाही. तो वेगळा आणि महाग छंद आहे. त्याच्यासाठी ही निवड वाकवू नका. स्वतःहून वस्तूकडे वळणाऱ्या मोटारवाल्या गो-टू माउंटचंही तेच, ठरावीक पैशांत मोटार आली की आरसा लहान होतो. फोनच्या कॅमेऱ्यानं ताऱ्यांची रचना ओळखून दिशा सांगणारी व्यवस्था, जशी सेलेस्ट्रॉनच्या स्टारसेन्स एक्सप्लोररमध्ये असते, ती उजळ आकाशाखाली खरंच उपयोगी पडते.

सूर्य बघायचा असेल तर नळीच्या तोंडाशी बसणारं, पूर्ण व्यासाचं प्रमाणित सौरफिल्टरच लावायचं, तेही सूर्याकडे वळवण्याआधी तपासून. नेत्रिकेला लावायचा काळा काचेचा फिल्टर तडकतो आणि क्षणात डोळा जातो. तसा तुकडा जुन्या दुर्बिणीसोबत आला तर फोडून टाका. उघड्या नळीची दुर्बीण खिडकीत उन्हासमोरही ठेवू नका, अन्वस्त आरसा कापडाला आग लावू शकतो.

जुनी दुर्बीण मिळत असेल तर जरूर बघा. आरशावरच्या धुळीला घाबरू नका. टॉर्च मारला की चांगला आरसाही भयंकर दिसतो, आणि थोड्या धुळीनं प्रतिमेत काही फरक पडत नाही. घासून पुसलेला आरसा मात्र नको. कडेशी लेप करडा पडलाय का, किंवा मागून दिवा धरल्यावर बारीक भोकांचं चांदणं दिसतंय का, ते बघा. नळी उघडून लॉक करा आणि फोकसर पकडून हलवा, कुठे सैल वाजतंय का. बूड सहसा पार्टिकल बोर्डाचं असतं आणि ओल लागली की कडा फुगतात. कुठलाही सुतार प्लायवुडमध्ये नवं करून देतो, त्यामुळे त्यावरून भाव पाडा, सौदा मोडू नका. उडालेल्या लेपावर पुन्हा ॲल्युमिनियम चढवता येतं, पण ते करून देणारं कुणी आवाक्यात नसेल तर ती दुर्बीण सोडा आणि दुसरी शोधा.